कायमची जिंकलेली ढाल

मित्रांनो, ढाल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर तलवार येते, घोडा येतो, किल्ला येतो. मी तसली नाही. माझ्यावर कुणी कधी वार केला नाही. मी बास्केटबॉलच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या संघाला द्यायची एक जुनी ढाल आहे. सागवानी फळीवर चांदीचा पत्रा ठोकून मला केलेलं आहे. माझं तरुणपण साताऱ्याच्या मैदानावर आणि सांगलीजवळच्या माधवनगरात गेलं. ते कसं गेलं, हे तुम्हाला सांगावं असं फार दिवस मनात होतं.

साताऱ्यात नाथाजी नावाचे एक पेन्शनर सुभेदार राहत. त्यांचा एकुलता मुलगा आकाराम पलटणीत होता. बेळगावच्या छावणीत तो बास्केटबॉल शिकला. रजेवर आला की घरात कमी आणि मैदानावर जास्त दिसायचा. त्यानंच साताऱ्याच्या तरुणांना या खेळाची गोडी लावली. मुरमाची जमीन, दोन खांब, खांबांवर फळ्या, लोहाराकडून करून घेतलेली कडी आणि त्यांना सुतळीच्या जाळ्या. एवढ्यावर खेळ उभा राहिला. गावचे लोक त्याला 'जाळीचा खेळ' म्हणू लागले.

सन एकेचाळीसमध्ये आफ्रिकेच्या लढाईत आकाराम पडला. घरी तार आली. त्याची आई सुलाबाई त्यानंतर कधी मैदानाच्या बाजूच्या रस्त्यानं गेली नाही. सुभेदार मात्र रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसत. एक दिवस ते सोनाराकडे गेले आणि त्यांनी मला करायला टाकलं.

"वर काय काढू, सुभेदारसाहेब? सिंह काढू का?" सोनारानं विचारलं.

"सिंह नगं. चेंडू काढ," सुभेदार म्हणाले, "आन खाली माझ्या पोराचं नाव घाल."

असा माझा जन्म झाला. मित्रांनो, लोक आनंदात असताना ढाली करवून घेतात. मला एका बापानं दुःखात करवून घेतलं. म्हणून असेल, माझी चांदी नवी होती तेव्हासुद्धा तिच्याकडे बघून सुभेदार हसल्याचं मला आठवत नाही.

त्यांनी नियम असा घातला, की दरवर्षी संक्रांतीच्या थंडीत सामने व्हावेत, जिंकणाऱ्या संघानं मला वर्षभर सांभाळावं, आणि जो संघ सलग तीनदा जिंकेल त्याची मी कायमची व्हावी. पहिल्या वर्षी साताऱ्याचाच संघ जिंकला. मग बेचाळीसचा ऑगस्ट आला. जिल्हाभर धरपकड सुरू झाली. खेळाडूंतले काही तुरुंगात गेले, काही रानोमाळ लपून राहिले. त्या थंडीत सामने झालेच नाहीत. मैदानावर गवत वाढलं, आणि सुभेदार त्या गवतात बसून राहिले.

त्याच सुमारास माधवनगरात एक लहानशी कापडगिरणी चालली होती. आसपास मोठ्या, जुन्या गिरण्या होत्या, म्हणून हिला सगळे नुसतं 'नवी गिरणी' म्हणत. लढाईमुळे खाकी कापडाला मागणी होती. गिरणीच्या मॅनेजरसाहेबांना वाटलं, आपल्या गिरणीचा एखादा संघ असावा, पेपरात नाव यावं. त्यांनी लालासाहेब नावाच्या माणसाला नोकरीवर घेतलं ते त्यासाठीच. लालासाहेब आकारामच्याच पलटणीत हवालदार होता. ज्या लढाईत आकाराम गेला तिच्यातच लालासाहेबाच्या गुडघ्यात गोळी शिरली होती. आता तो लंगडत चालायचा. खेळणं संपलं होतं, पण शिकवणं जमत होतं. त्यानं गिरणीतलेच उंच, चपळ गडी निवडले. त्यांना अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस सराव. पगार पुरा. खेळण्यासाठी पगार मिळतो, ही गोष्ट त्या वेळी आमच्या भागात कुणाला खरी वाटत नसे.

त्या संघाचा सगळ्यात मोठा खेळाडू मात्र गिरणीत सापडला नाही. तो जतकडचा धनगर होता. धुळा त्याचं नाव. तिकडे पाऊस झाला नाही म्हणून तो मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला आला होता. एका शेतात मेंढरं बसवली होती. लालासाहेब तिथून चालला होता. धुळानं एक कोकरू एका हाताच्या पंजात धरलं, आणि बाभळीच्या काट्यांच्या उंच कुंपणावरून पलीकडं अलगद ठेवलं. कोकरू ओरडलंसुद्धा नाही. लालासाहेब जागेवरच थांबला.

"गड्या, तुझा हात बघू," तो म्हणाला.

"का वो? काय चोरलं न्हाई म्या," धुळा घाबरून म्हणाला.

ही गोष्ट लालासाहेब पुढं कितीदा तरी सांगायचा आणि दरवेळी स्वतःच हसायचा. धुळानं मेंढरं विकली, बायको बनाबाईला घेऊन तो माधवनगरात खोली करून राहिला, आणि गिरणीच्या एका खात्यात कामाला लागला. बोलायचा फार कमी. चेंडू हातात आला की मात्र तो मोकळा व्हायचा. तो उडी मारायचा नाही, धावायचासुद्धा बेतानं. नुसता हात वर करायचा, आणि चेंडू त्याच्या बोटांवरून सुटून कड्याला न शिवता जाळीत उतरायचा.

चव्वेचाळीसच्या थंडीत नव्या गिरणीचा संघ साताऱ्याला आला. सामन्याच्या वेळी मला एका टेबलावर ठेवत, म्हणून मी सगळं समोरून पाहिलं. साताऱ्याचे गडी धुळाला अडवायला एक सोडून दोन-दोन जण लावत होते. तरी उपयोग झाला नाही. संध्याकाळी सुभेदारांनी मला उचलून लालासाहेबाच्या हातात दिलं. दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले. दोघांनाही तिसरा माणूस आठवत होता.

मी रेल्वेनं माधवनगरला आले. मिरवणूक निघाली, हलगी वाजली. गिरणीच्या ऑफिसात मॅनेजरसाहेबांच्या खुर्चीमागं मला खिळ्यावर लावलं. रोज सकाळी एक शिपाई मला मऊ फडक्यानं पुसायचा. पुढच्या वर्षी सामने सांगलीत झाले. तेही नव्या गिरणीनंच जिंकले. लोक लांबून गाड्या जुंपून आले होते. त्या दिवशी बनाबाई गर्दीच्या मागं एका दगडावर चढून उभी होती. सगळे 'धुळा, धुळा' असं ओरडत होते. तिनं पदर तोंडाशी धरला होता. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला चांगला दिवस कोणता, असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन. त्याच्यानंतरचं सांगायला मला जड जातं.

पंचेचाळीसच्या पावसाळ्यात पलटणीच्या कापडाची एक मोठी मागणी पुरी करायची होती. अर्ध्या दिवसाची सवलत बंद झाली. सगळे खेळाडू पुरा दिवस खात्यात राबू लागले. त्या काळी गिरणीत वर छताजवळ एक लांब दांडा फिरायचा. त्याच्यावरून चामडी पट्टे खाली येऊन यंत्रं चालवायचे. पट्टा निसटला की सगळं थांबवून, शिडी लावून तो चढवायचा, अशी रीत होती. पण थांबवायला वेळ जातो. त्या दिवशी पट्टा निसटला तेव्हा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, म्हणाला, "धुळा, तुझा हात पोचतोय की वर. दांडा फिरू दे. चढव तसाच."

धुळाचा हात पोचला. पट्ट्यानं तो ओढून घेतला.

मी ऑफिसातल्या भिंतीवर होते. मला फक्त एक आरोळी ऐकू आली आणि मग यंत्रांचा आवाज हळूहळू बंद होत गेला. एरवी दिवसभर भिंती थरथरायच्या. त्या वेळी सगळी गिरणी गप्प झाली. जरा वेळानं लालासाहेब आत आला. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं.

"साहेब, मिरजंच्या दवाखान्यात न्यायला मोटार पायजे," तो म्हणाला. "उजवा हात हाय."

उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. धुळा दवाखान्यातून परत आला तेव्हा खात्यात त्याच्या जागेवर दुसरा माणूस होता. मॅनेजरसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दवाखान्याचा खर्च दिला, चौकशी केली. पण लढाई संपली होती, खाकी कापडाची मागणी थांबली होती, आणि वरून माणसं कमी करा असा हुकूम आला होता. एका हाताच्या माणसाला ठेवायचं कसं, हे त्यांना कळेना.

बनाबाई ऑफिसात आली. ती कधी आत आली नव्हती. दाराशीच उभी राहिली.

"साहेब, एक इचारू का?" ती म्हणाली. "आमी मेंढरं इकून हितं ऱ्हायलो. तुमच्याच मानसानं बोलावलं म्हून आलो. आता हात गेला, तर मानूसबी गेला का?"

साहेब टेबलावरच्या कागदांकडं बघत राहिले. "बाई, मी काय करू? वरचा हुकूम आहे."

तिच्या मागून लालासाहेब आत आला. "त्याला गेटवर ठिवा, साहेब," तो म्हणाला. "राखणीला दोन्ही हात कशाला लागत्यात? मी फौजेत बघितल्यात असली मानसं. काम करत्यात."

साहेबांनी खुर्ची फिरवली आणि माझ्याकडं पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग म्हणाले, "लालासाहेब, यंदा तिसरं वर्ष. ढाल कायमची इथं आली, तर मला वर बोलायला तोंड राहील. खेळाडूला काढलं तर लोक काय म्हणतील, असं सांगता येईल. जिंकून या. धुळाला मी गेटवर ठेवतो. माझा शब्द."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. एका माणसाची भाकरी माझ्यावर टांगली गेली होती.

शेचाळीसच्या थंडीत संघ साताऱ्याला निघाला. धुळा सोबत होता. त्यानं उजवा हात उपरण्यात गुंडाळला होता. त्याला नुसतं बाकावर बसायचं होतं. खेळणाऱ्यांत आता पुढं जोतीराम होता. माधवनगरचाच विणकर, बारीक, वाऱ्यासारखा पळणारा. पण धुळाची सर त्याला नव्हती, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. आदल्या दिवशी त्याला जेवण गेलं नव्हतं.

सामना सुरू झाला. साताऱ्याचे गडी त्या वर्षी फार चांगले खेळले. फौजेतून सुटून आलेले दोन नवे खेळाडू त्यांच्यात होते. कधी हे पुढं, कधी ते. खेळ संपत आला तेव्हा दोन्हीकडं गुण सारखे होते. आणि तेवढ्यात आमच्या एका खेळाडूचे फाऊल भरले. पंचांनी त्याला बाहेर काढलं. बदली खेळाडू आधीच पाय मुरगळून बसला होता. बाकावर धुळाशिवाय कुणी उरलं नाही.

"चौघंच खेळू," जोतीराम धापा टाकत म्हणाला.

धुळा उठला. डाव्या हातानं त्यानं उपरणं सोडून लालासाहेबाच्या मांडीवर ठेवलं.

"काय करतोस रं? चेंडू कसा धरशील?" लालासाहेबानं विचारलं.

"धरत न्हाई," धुळा म्हणाला. "हुबा ऱ्हातो."

तो मैदानात आला. सगळ्यांना तो हात दिसला. कुणी तरी हळहळलं. धुळा सरळ जाळीखाली गेला, नेहमीच्या जागी उभा राहिला, आणि त्यानं दोन्ही हात वर केले. चेंडू मागावा तसे. साताऱ्याच्या गड्यांनी तो हात पाहिला होता. तरीसुद्धा दोन वर्षांची धास्ती त्यांच्या अंगात बसली होती. दोघं जण सवयीनं त्याच्याकडं धावले. तेवढ्यात जोतीराम मोकळा झाला. त्यानं चेंडू टाकला. तो कड्यावर गोल फिरला आणि आत पडला.

शिट्टी झाली.

गिरणीचे लोक नाचू लागले. साताऱ्याचा एक गडी धुळाजवळ आला. त्यानं धुळाच्या पाठीवर हात ठेवला आणि निघून गेला. सुभेदार नाथाजी माझ्याजवळ आले. त्यांनी मला उचललं, लालासाहेबाच्या पुढून ते धुळापाशी गेले, आणि मला त्याच्यापुढं धरलं. धुळाला मला नीट पकडता येईना. मग त्यानं दोन्ही मनगटांत दाबून मला छातीशी घेतलं. त्याचं काळीज किती जोरात उडत होतं, ते मला लाकडातून कळत होतं.

"आकारामाची हाय," सुभेदार म्हणाले. "आता तुमची."

"व्हय, आबा," धुळा म्हणाला.

मी कायमची माधवनगरात आले. साहेबांनी शब्द पाळला. धुळा गेटवर उभा राहू लागला. आत येणारे-जाणारे त्याला ओळखायचे, थांबून दोन शब्द बोलायचे. तसं एक वर्ष गेलं. पुढच्या थंडीत लालासाहेबानं साताऱ्याला माणूस पाठवला, यंदा सामने कधी? माणूस परत आला तो निरोप घेऊन, की सुभेदार पावसाळ्यातच वारले. ढाल कायमची गेली, आता दुसरी ढाल कोण देणार? साताऱ्याच्या मैदानाचे खांब कुणी तरी काढून नेले होते.

मित्रांनो, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मला कायमचं जिंकलं आणि स्पर्धाच संपली. ज्या खेळासाठी मी झाले तो खेळ माझ्यामुळेच बंद पडला.

सत्तेचाळीस साली गिरणी दुसऱ्या मालकाकडं गेली. जुने साहेब मुंबईला गेले आणि त्यांच्या खुर्चीवर नवे मॅनेजर बसले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सराव बंद केला आणि गेटवरची माणसं कमी केली. लालासाहेब त्यांच्यापुढं उभा राहिला.

"साहेब, धुळाला काढू नका. आधीच्या साहेबांनी शब्द दिलता."

"शब्द त्यांचा होता," नवे मॅनेजर शांतपणे म्हणाले. "ते गेले. आणि खेळाडू आता कशाला हवेत? ढाल तर कायमची मिळाली आहे ना?"

लालासाहेबानं पलटणीत करतात तसा सलाम केला आणि लंगडत बाहेर गेला. दुसऱ्या दिवसापासून तोही कामावर आला नाही. आपल्या गावाकडं उसात राबायला गेला, असं शिपाई म्हणाला. धुळा आणि बनाबाई कधी गेले ते मला दिसलंच नाही. ऑफिसच्या खिडकीतून गेट दिसत नसे.

मग मला पुसणारंही कुणी उरलं नाही. चांदी काळी पडली. भिंतीला रंग देताना मला उतरवलं ते परत लावलंच नाही. गोदामात फाटक्या पोत्यांच्या ढिगावर मी पडून राहिले. उंदरांनी माझ्यामागची दोरी कुरतडली. दोन पावसाळे तसेच गेले. एक दिवस जोतीराम पोती काढायला आला आणि त्याला मी सापडले. त्यानं मला बाहीनं पुसलं. मॅनेजरना विचारलं. ते म्हणाले, "ने हवी तर. अडगळच आहे."

जोतीरामनं मला घरी ठेवलं नाही. सुट्टीच्या दिवशी त्यानं मला धोतरात गुंडाळलं आणि जतची मोटार धरली. पुढं बराच रस्ता तो चालला. उघडं माळरान, खुरटी ज्वारी, मधूनच कानडीत बोलणारी माणसं. विचारत विचारत आम्ही एका वाडीवर पोचलो.

धुळा झोपडीसमोर बसला होता. केस पांढरे झाले होते. बनाबाई आतून पाणी घेऊन आली. जोतीरामला बघून तिला बरं वाटलं की वाईट, ते तिच्या तोंडावरून कळेना.

"मेंढरं किती हायती?" जोतीरामनं विचारलं.

"दुसऱ्याची राखतो," धुळा म्हणाला. "लांडगा आला तर धोंडा मारता येत न्हाई. म्हून कमीच देत्यात."

जोतीरामनं मला उघडलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. "ही तुझी हाय. तुझ्याच जिवावर मिळाली. तुझ्या घरात ऱ्हाऊ दे."

धुळानं मला डाव्या हातानं जवळ ओढलं. चांदीवरून बोट फिरवलं. त्याला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय ह्याच्यावर?"

जोतीराम अडखळत वाचू लागला. "आकाराम नाथाजी... त्यांच्या स्मरणार्थ. मग साल बेचाळीस, सातारा. चव्वेचाळीस, नवी गिरणी, माधवनगर. पंचेचाळीस, नवी गिरणी, माधवनगर. शेचाळीस, नवी गिरणी, माधवनगर."

"पोराचं नाव हाय. बरं केलं सुभेदारानं," धुळा म्हणाला. मग थोडं थांबून त्यानं विचारलं, "आन आमची?"

जोतीरामनं मला उलटंपालटं करून पाहिलं. बनाबाईनं मान दुसरीकडं वळवली.

"तुझं तरी हाय का? लालासाबाचं?"

"न्हाई रं," जोतीराम म्हणाला. "कुनाचंच न्हाई."

धुळा रागावला नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं मला हळूच जोतीरामकडं सरकवलं.

"मग ही गिरणीचीच हाय, जोती. घिऊन जा. जेवून जा मातर."

ते दोघं ज्वारीची भाकरी जेवले. ऊन कलल्यावर धुळा मेंढरांकडं गेला आणि आम्ही परत फिरलो. वळणावर जोतीरामनं मागं पाहिलं, पण माळावर कोण धुळा आणि कोण दुसरा, ते ओळखू येत नव्हतं.

तेव्हापासून मी जोतीरामच्या घरी आहे. त्याची बायको सणासुदीला मला चिंचेनं घासते. चांदी पुन्हा पांढरी होते, अक्षरं स्पष्ट दिसतात, आणि मला ती दिसू नयेत असं वाटतं.

मित्रांनो, शाळेत, गिरणीत, तालमीत तुम्हाला माझ्यासारख्या पुष्कळ ढाली दिसतील. त्यांच्यावर सालं असतात, संघांची नावं असतात. त्या बघून टाळ्या जरूर वाजवा. पण एवढं माझं ऐका. आम्हाला पुसायची फार घाई करू नका. लाकूड आणि पत्रा धूळ सोसतो. जे खेळले ते कोण होते, ते आधी विचारा. त्यांची नावं पाठ करा. आणि त्यांच्यातला एखादा अजून कुठं असेल, तर त्याच्या घरी जा, आणि तो कसा आहे, जेवतो काय, हे त्याला स्वतःच्या तोंडानं विचारा. जाताना मला सोबत नेऊ नका.